पाणबुडीले लावलेला गोळा

विमल,

तुह्या बीपीच्या यंत्राचा रबरी गोळा या चिठ्ठीखाली आहे. हरवला नव्हता. शाळेच्या प्रदर्शनातल्या खेळण्याएवढ्या पाणबुडीत हवा भराले मीच काढला होता. सायकलच्या पंपानं पाणबुडी एकदम उसळे, स्टोच्या पंपानं पाण्यात घासलेट उतरे. गोळ्यानं हळूच वर येते. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही.

काल पारवा गावात गरोदर तुळसाबाईच्या पायावर एवढी सूज असून तुले बीपी पाहता आलं नाही. सामान हरवणारी कायची नर्सबाई, असं तिच्या सासूनं तुले ऐकवलं. आता बैलबंडी घेऊन तुळसाबाईले दवाखान्यात आणाले जातो. सासूले खरं सांगीन.

काल तू घरभर गोळा शोधत होती, तवा मीही खाटेखाली वाकून पाहत होतो. तेवढं मात्र सासूले माह्याच्यानं सांगणं होणार नाही.

देवराव