कोवळ्या पेशींचा पंप

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. देवनागरीत. आम्ही तमिळ मुलखातले मराठी; घरात दुसऱ्या कुणालाच ती लिपी वाचता येत नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही. खरं असं की पीएच.डी.चं नववं वर्ष लागलंय, जूनमध्ये नोंदणी संपते, आणि हे वर्ष माझं आहे.
विषय सोपा. तांबडी रक्तपेशी कोवळी असताना तिचा पंप जोरात चालतो: सोडियम बाहेर, पोटॅशियम आत. पेशी जून झाली की पंप मंदावतो. सगळे असंच म्हणतात. मला आतून वाटतं, सगळे चुकतात.
संकल्प: रोज सकाळी सातला लॅब.

४ जानेवारी, ११.४०
लॅबला पोचलो. बायकोने, भारतीने, आग्रहाने इडल्या वाढल्या. नंतर काफी.

१९ जानेवारी
ओरत्तनाडू गावाहून मेंढीचं ताजं रक्त आणलं. पशुवैद्य राघवेंद्रांनी आठवड्यापूर्वी तिचं थोडं रक्त काढलं होतं, ते भरून काढायला नव्या पेशी बनतात, म्हणून आता तिच्यात कोवळ्या पेशी भरपूर. मेंढीने माझ्याकडे आदराने पाहिलं.
सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. कोवळ्या वर, जुन्या खाली. दोन्ही नळ्या तासभर वॉटरबाथमध्ये. पंपाच्या वेगाचे आकडे सारखेच! दोन्ही जवळजवळ शून्य, पण सारखे!
ज्युनिअर विनुता म्हणाली, "सर, शून्य म्हणजे पंप चालतच नाहीये ना?" नवीन आहे पोर. शिकेल.

२० जानेवारी
शोधाला माझंच नाव ठरलं: प्राणेश इफेक्ट. गाईड कनकलता मॅडमकडे सेमिनार मागून घेतला. वेंकूबाई आत्यांनाही फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "रक्तात पंप बसवला कुणी?"

२ फेब्रुवारी
विनुता म्हणते, प्रयोग तीनदा तरी करायला हवा. एकदा बरोबर आलेली गोष्ट पुन्हा कशाला? भाषणाची तालीम मात्र सहा वेळा केली.

११ फेब्रुवारी
सेमिनार. मॅडमनी एकच विचारलं, "बाथचं तापमान किती होतं?"
"सदतीस," मी म्हणालो.
"पाहिलंत?"
मी हसलो. तेवढ्यात मागून टेक्निशियन मुरली उठला. म्हणाला, सरांनी नळ्या उजवीकडच्या बाथमध्ये ठेवल्या होत्या. तो चार अंशांवर असतो. तशी चिठ्ठी लावली होती, ती मात्र त्या दिवसापासून सापडत नाही.
चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये होती. तिच्या पाठीवर मी आकडे लिहिले होते.
थंडीत पंप झोपतो. कोवळा असो, म्हातारा असो.

१२ फेब्रुवारी
गेलो नाही. डोकं दुखत होतं. (नव्हतं.) भारतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता खरं काय ते मोजा." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी
विनुताने नवं रक्त आणून तीनदा मोजलं. कोवळ्या पेशींत पंपाचा वेग जुन्यांच्या तिप्पट. सगळे म्हणत होते तसंच. आलेख इतका स्वच्छ की बघत राहिलो.
मॅडम म्हणाल्या, जूनपर्यंत तुमचं होईल, पण सगळं पहिल्यापासून, आणि विनुताच्या देखरेखीखाली.
विनुता बिचारी संकोचली. म्हणाली, "सर, उद्या नऊला या. थर्मामीटर कसा वाचायचा, तिथून सुरू करू."
"हो, मॅडम," मी म्हणालो. चुकून निघालं. तिने दुरुस्त केलं नाही.