कड्यावरच्या लपणाची वाटणी

मी शुद्धीवर आहे. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण माझ्या पश्चात पहिली शंका हीच काढली जाईल. आज सकाळी नर्सबाईंनी माझा रक्तदाब तपासला, वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. त्यांनाच साक्षीदार केले आहे, म्हणजे उद्या कोणी "म्हाताऱ्याला भ्रम झाला होता" म्हणाले तर त्यांना विचारता येईल. वय अठ्ठ्याहत्तर. धंदा फोटो काढण्याचा. या बेटावरची पाखरे, सील, कडे, लाटा आणि आभाळ यांशिवाय कशाचेही फोटो मी काढलेले नाहीत. लग्नांचे तर कधीच नाहीत. शिक्षण पाचवीपर्यंत, त्यातलीही पाचवी अर्धी.

वकिलाने याआधी एक मसुदा करून दिला होता. त्यात माझे म्हणण्यासारखे एवढेच होते, खाली सहीसाठी सोडलेली जागा. शिवाय तो वकील माझ्या जमिनीवर डोळा असलेल्या लॉजवाल्याचा वर्गमित्र निघाला. म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि दाराला आतून कडी घालून लिहीत आहे. आधीचे सर्व कागद रद्द समजावेत. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी सही आहे. सही नसलेली खाडाखोड दिसली तर ती माझी नाही, तपास करावा.

कलम १. वारस.

मला एक मुलगा. तो शहरात असतो. त्याची बायको, म्हणजे माझी सून, तीही तिथेच. इथे बेटावर माझ्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, होडी चालवतो. त्याला सगळे निवांतराव म्हणतात, कारण त्याला धावताना कोणी पाहिलेले नाही. मुलगा आणि मेहुणा, म्हणजे भाचा आणि मामा, एकमेकांशी बोलत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

लॉजवाला माझा वारस नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण तो ज्या आपुलकीने माझी चौकशी करतो त्यावरून परक्याला तसे वाटू शकते.

कलम २. पोस्टातली पुंजी.

ती सगळी सुनेला द्यावी. ती फोन करते तेव्हा आधी विचारते, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" आणि लगेच, "कागदपत्रं नीट ठेवलीत ना?" बरीच वर्षे मला वाटत होते की गोळ्या हे निमित्त आणि कागदपत्रे हा मुद्दा. अजूनही थोडे वाटते. पण मुलगा तर दोन्ही विचारत नाही. जो विचारतो तो निदान सांभाळेल. म्हणून तिला.

कलम ३. निगेटिव्ह आणि मोठे फोटो.

पत्र्याच्या तीन पेट्यांत आहेत. शहरातल्या संग्रहालयाने मागितले आहेत, ते त्यांना द्यावेत, पण अट लेखी घ्यावी की फोटो कापणार नाहीत. मागे त्यांनी माझा उत्तर कड्याचा फोटो लावला, तेव्हा वरचे आभाळ कापून टाकले. म्हणे रिकामे होते. या बेटावर आभाळच जास्त आहे, ते काय मी घरून नेले होते?

कॅलेंडरवाल्यांना एकही निगेटिव्ह मिळू नये. त्यांनी एकदा ती उलटी छापली. बेटावरची सगळी झुडपे वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली असतात, ती त्या कॅलेंडरात वर्षभर दुसऱ्या बाजूला वाकून उभी होती. मी पत्नीला दाखवले. ती म्हणाली, "बघणाऱ्याला काय फरक पडतो?" मी म्हटले, "वाऱ्याला पडतो." ती म्हणाली, "मग वाऱ्याला घेऊ द्या की कॅलेंडर." तिच्यापुढे माझे कधी चालले नाही. तिच्या पश्चात मात्र मी ते कॅलेंडर अडगळीत टाकले.

कलम ४. हत्यारे.

कॅमेरा मुलाला. लांब पल्ल्याची लेन्स मेहुण्याला. तिपाई मुलाला, आणि वाऱ्यात ती हलू नये म्हणून तिच्याखाली टांगायची दगडांची पिशवी मेहुण्याला. वाचणाऱ्याला ही चूक वाटेल. ती चूक नाही. एकाच्या हाती सगळे दिले की तो दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन विकतो. अर्धे अर्धे दिले की आधी दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

कलम ५. घर, घरापासून कड्यापर्यंतची जमीन आणि कड्याच्या तोंडाशी असलेले लपण.

ही खरी मिळकत. लपण म्हणजे दगड रचून वर ताडपत्री ओढलेली, एका माणसापुरती जागा. समोरच्या कपारीत समुद्रगरुडांची जोडी दर हंगामाला घरटे करते. माझे नाव ज्या कशामुळे झाले असेल ते या जोडीमुळे.

गरुडाची नजर अशी की माणूस लपणात शिरताना दिसला तर ती मादी दिवसभर घरट्यावर उतरत नाही आणि अंडे वाऱ्यावर गार पडते. त्यावर आमच्या धंद्यात एकच उपाय आहे. दोघांनी उघड उघड चालत जायचे. एकाने आत बसायचे. दुसऱ्याने उघड उघड परत यायचे. पाखराला मोजता येत नाही, कोणीतरी गेले म्हणजे सगळे गेले असे ते धरते. संध्याकाळीही तसेच. दुसरा न्यायला येईपर्यंत आतल्याने बाहेर पडायचे नाही. नाहीतर नुसत्या दगडांतून माणूस उगवलेला पाहून पाखरू ती जागा कायमची सोडते. म्हणजे आत बसणाऱ्याचा जीव परत गेलेल्याच्या हातात.

माझ्यासाठी हे काम पत्नीने संसारभर केले. परत जाताना ती मोठ्या आवाजात माझ्या तक्रारी सांगत जायची, म्हणजे माणूस चालला हे पाखराला नीट कळावे. एकदा मला आत ऐकू आले, "पाखरांना मोजता येत नाही आणि यांना माणसं ओळखता येत नाहीत, बरी जोडी जमलीय!" तिच्यानंतर हे काम मेहुण्याकडे आले.

एका हंगामात मी तापाने अंथरुणावर होतो. मुलगा तेव्हा पंचविशीचा, धंदा शिकत होता. मामाने भाच्याला लपणात बसवले आणि तो परत आला. दुपारनंतर वारा उठला. संध्याकाळी मामा लपणापर्यंत पोचला नाही, थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पोचला. मुलगा रात्रभर फाटक्या ताडपत्रीखाली तिपाईला मिठी मारून बसला होता. वारा वाढायच्या आधी मनात आणले असते तर तो निघून येऊ शकला असता. निघाला नाही. त्या वर्षी अंडे फुटले आणि पिल्लू उडाले. मुलगा मात्र मामाकडे न बघता घरी आला, पिशवी भरली आणि पुढच्या बोटीने शहरात गेला.

मुलगा म्हणतो, "बाबा, मामा आलाच नाही. लॉजवर शेकत बसला असेल."

मेहुणा म्हणतो, "दाजी, आलो होतो. खिंडीच्या पुढे उभंच राहता येईना. रांगत गेलो, रांगतच परत आलो."

"मग हे त्याला सांग की."

"त्यानं विचारलं तर सांगेन."

"तू सांगितल्याशिवाय तो विचारेल कसा?"

"मग राहू दे."

खरे कोणाचे हे मला आजवर कळलेले नाही. दोघांच्या तोंडाकडे बघितले तर दोघेही खरे बोलतात असे वाटते, म्हणून मला दोघांचाही संशय आहे.

सबब घर, जमीन आणि लपण मी मुलगा आणि मेहुणा यांना समाईक देत आहे. एकट्याच्या सहीने विक्री होऊ नये. मुलावर माझा पुरता विश्वास नाही, मेहुण्यावरही नाही. त्या दोघांचा एकमेकांवर मुळीच नाही, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे.

कलम ६. लॉजवाल्याविषयी.

त्याला कड्यावर काचेची गॅलरी बांधायची आहे. पर्यटकांनी आत बसून कॉफी पीत गरुड बघावेत असे त्याचे स्वप्न आहे. गरुडांचे काय स्वप्न आहे ते त्याने विचारलेले नाही. मागच्या हिवाळ्यात त्याने मला विजेची शेगडी पाठवली. म्हणाला, "काका, तुमच्या तब्येतीची काळजी वाटते." माझी तब्येत बिघडली तर फायदा त्याचा, मग काळजी कसली? शेगडी मी खोक्यातून काढलेलीसुद्धा नाही. ती परत करावी.

त्याने कपारीवर उडता कॅमेरा सोडला होता. मादी घरट्यावरून उठली. तेवढ्यात वाऱ्याने ते यंत्र कड्यावर आपटले आणि ते समुद्रात गेले. आता तो म्हणतो की मी काठी मारली. मी खाली घराशी उभा होतो. माझी काठी एवढी लांब असती तर मी ती आधीच त्याच्या लॉजपर्यंत पोचवली असती. नुकसानभरपाईची नोटीस त्याने वाऱ्याला पाठवावी.

इथवर लिहून मी कडी काढली, साक्षीदारांना आत घेतले आणि सगळे वाचून दाखवले. साक्षीदार दोन, नर्सबाई आणि होड्या दुरुस्त करणारा सुतार. नर्सबाईंनी पेन हातात घेतले आणि थांबल्या.

"आजोबा, दोघांनी मिळून विकलं तर?"

मी म्हटले, "ते एकमेकांशी बोलत नाहीत."

सुतार म्हणाला, "विकायला बोलावं कुठं लागतं? एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली. लॉजवाला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवेल आणि सह्या घेईल."

"तुला कसं माहीत? तुला त्यानं पाठवलं का?"

"काका, मला तुम्हीच बोलावलंत. हातातलं काम टाकून आलोय."

ते खरे होते. पण मी कागद परत माझ्याकडे ओढून घेतला. त्यांचे भांडण हेच मी घराचे कुलूप समजत होतो. ज्यांना एकमेकांचे तोंड बघायचे नाही त्यांना समाईक घर म्हणजे कटकट, आणि कटकट माणूस सगळ्यात आधी विकतो. हे आधी माझ्या डोक्यात आले नव्हते. नर्सबाईंनी पाणी दिले. रक्तदाब पुन्हा तपासला. त्यांना अर्धा तास थांबायची विनंती करून मी खालचे कलम त्यांच्यासमोर लिहिले.

कलम ७. विक्रीपूर्वीची अट.

दोघांची संमती असली तरी माझ्या मृत्यूनंतरचा गरुडांचा पहिला हंगाम, अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत, पार पडल्याशिवाय विक्री होऊ नये. त्या हंगामात दोघांनी लपण चालवावे. एक दिवस एकाने बसावे आणि दुसऱ्याने त्याला न्यायला जावे, दुसऱ्या दिवशी उलट. वारा पडलेला असो वा उठलेला. बोलण्याची सक्ती नाही. हंगाम संपल्यावर दोघांना विकावेसे वाटले तर विकावे, लॉजवाल्यालाही विकावे. मी तेव्हा हरकत घ्यायला असणार नाही. दोघांपैकी जो ही अट पाळणार नाही त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल.

नर्सबाईंनी विचारले, "आणि पहिल्या दिवशी आत कोणी बसायचं?"

सुतार म्हणाला, "मुलानं. धंदा त्याचा आहे."

मी पेन उचलून त्याच कलमाखाली लिहिले. पहिल्या दिवशी मेहुण्याने बसावे. मुलाने त्याला लपणापर्यंत पोचवावे आणि उघड उघड परत यावे. संध्याकाळी त्याला आणायला जायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. त्याला कोणी आठवण करू नये, कोणी सोबत जाऊ नये.

तो जाईल असे मला वाटते. या कागदात पुराव्याशिवाय लिहिलेले हे एकच वाक्य आहे. ते खोडू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, साक्षीदारांना ऐकवला, आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली. पेन माझेच होते.

सही: मृत्युपत्र करणार, छायाचित्रकार

साक्षीदार १. सही: आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई (सही करताना म्हणाल्या, "आजोबा, मलाही तसंच वाटतं." हे पुरावा म्हणून धरू नये.)

साक्षीदार २. सही: होड्यांचा सुतार

स्थळ: कड्याकडच्या घरातली पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०१९, वारा जोरात