कोमट पाण्याचा टब

आई,

फोन तू स्पीकरवर टाकतीस अन् शेजारी अण्णा बसलेले असतात, म्हणून हे लिहितेय. बाळंतपणानं मला मूळव्याध झालीय. त्यांच्यासमोर कसं सांगू?

बारशाला आलीस तेव्हा बाळाला पाजताना मी रडत होते. तुला वाटलं, तू निघालीस म्हणून. व्हय, तेही होतं. पण खरं तर मला बसवतच नव्हतं. अन् तू मायेनं डिंकाचे लाडू चारत होतीस. पाणी मागितलं की म्हणायचीस, "घोटभरच पी, लेकराला सर्दी व्हईल."

शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लई बायांना होतं अन् बरंही होतं. आता मी पोटभर पाणी पिते, पालेभाजी खाते अन् सकाळ-संध्याकाळ टबात कोमट पाणी घेऊन बसते. पाणी तुझे जावई आणून देतात. पहिल्या दिवशी त्या पाण्यात बसले, जीव थंडावला, अन् एकदम तूच डोळ्यांपुढं आलीस.

मी लहान होते तेव्हापासून तू चुलीपुढं एका अंगावर कलूनच बसतीस. मला वाटायचं, तुझी बसायची पद्धतच ती. बारशाला आल्या आल्या अण्णा कुरकुरत होते, एस्टीत जागा असून ही सोयगावपासून उभी आली म्हणून.

आई, माझ्या वेळी तुला कुणी पाणी तापवून दिलं होतं का?

हे पत्रही तुला अण्णाच वाचून दाखवतील, म्हणून पाठवत नाही. फोनवर एवढंच सांगेन, शनिवारी तू एकटीच माझ्याकडं सिडकोला ये. टब घासून ठेवलाय.

तुझीच लेक,
तनुजा