गोड गिलावा

४ डिसेंबर
सकाळी पावागडच्या पायथ्याशी बसमधून उतरलो. जिच्या डागडुजीला आलो ती जुनी मशीद पाहून जीव हरखला. खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा कोरलेल्या, भिंतीतल्या मेहराबीच्या कोनाड्यात पूर्ण उमललेलं कमळ. दगड घडवणाऱ्या आम्हा सलाटांच्याच कुणा आज्यापणज्याचं काम असणार. बरोबर जुने चुनेवाले मुख्तारचाचा आहेत. माझे दंड चाचपून त्यांनी विचारलं, तू थापी उचलणार की थापी तुला? दुपारी मशिदीची झाडलोट करणाऱ्या हाजराबेननी बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी वाढली. कमळाखाली नारळाएवढं भोक पडलंय, ते बुजवायचं. चुन्यात मेथीचं पाणी आणि गूळ घालून भरलं. हात छान बसला.

५ डिसेंबर
सगळा गिलावा गायब! भोक रिकामं, कडा बुळबुळीत, आणि वास चूळ न भरलेल्या तोंडाचा. चाचा म्हणाले, वानरं गुळाला सोकावलेली असतात. हाजराबेननी पदर नाकाला लावला. त्यांचे सासरे सांगायचे म्हणे, या भिंतीला गूळ लावायचा नाही. मी मनात हसलो आणि चाचांच्या नकळत गूळ दुप्पट केला. पकड यावी म्हणून.

७ डिसेंबर
रोज तेच. आज कडांवर जिभेने चाटल्याचे पट्टे दिसले, माझ्या दोन पंजांएवढे रुंद. आतला कुजका लगदा काढायला चाचांनी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो पांढराफटक, केस गळालेला, महिनाभर हौदात भिजल्यासारखा. एक नख सालीसारखं सोलून पडलं. मी बाजूला जाऊन ओकलो.
चाचा म्हणाले, "दुखत नाही रे नटू. आत छान कोमट आहे."

८ डिसेंबर
चाचा रोटल्याला शिवत नाहीत. ओला चुना बोटाने चाटतात. ओठ भाजून फुटलेत, तरी चाटतात. त्या हाताचा वास माझ्या ताटाला, अंथरुणाला — तीनदा अंघोळ केली. शेवटी गुळाचं कबूल केलं. ते रागावलेच नाहीत. म्हणाले, "बरं केलंस. आवडतं." कुणाला —

९ डिसेंबर, भर दुपार
चाचांचा हात खांद्यापर्यंत आत गेलाय. ओढला की नुसता चप्प आवाज होतो, सुटत नाही. हाजराबेन माणसं आणायला गावात पळाल्या. चाचांच्या कमरेला दोर बांधून खांबाला अडकवलाय. तिकडे बघवत नाही म्हणून लिहितोय.

हसतायत. गाल भिंतीला लावून —

भोक रुंदावतंय. लाळ फरशीवर उतरली. माझ्या पायांपर्यंत. गरम, शी —

हसणं थांबलं. दोर सैल. ओढला. टोकाला नुसता सदरा, ओलाचिंब.

आतून "नटू" अशी हाक. आवाज चाचांचाच. मध्येमध्ये चाटल्यासारखा. म्हणतात हात दे, हात दे. माझ्यामुळेच झालं हे. फक्त बोटं आत घालून —

कोमट