जावाजावांचा पत्ता

४ मार्च

शेवटच्या तिघांत माझं नाव आहे. कारखान्याच्या जनसंपर्क विभागातल्या बाईंनी फोनवर दुजोरा दिला. काच कारखान्याचा इतिहास लिहायचं काम, जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव! उभं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या सरळ करण्यात गेलं. माझं छापलेलं नाव फक्त ओळखपत्रावर होतं. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा तेही जमा करून घेतलं.

पण बाई फोन ठेवीनात. मग हळूच, "मॅडम, राग मानू नका, तुमचा मेलचा पत्ता 'जावाजावा' असाच आहे ना? एका संचालकांनी विचारलं, हे शिवणकामाचं दुकान आहे का? बैठकीआधी बदललात तर बरं."

थोरल्या जाऊबाई समोरच्याच दारात राहतात. दोन्ही घरांचे पडदे एकदम मागवायचे होते तेव्हा दोघींत मिळून ते खातं उघडलं. नाव त्यांनी सुचवलेलं. ऑफिसचा पत्ता ऑफिसबरोबर गेला आणि अर्जांवर हाच जायला लागला. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक लांबून हेरणारी मी — मला हे दिसलंच नाही!

५ मार्च

नवा पत्ता काढला. नाव, टिंब, आडनाव. दारावरच्या पाटीसारखा दिसतो.

जाऊबाई भाजी निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "माझ्यासोबत दिसायची लाज वाटते म्हण की."

"तसं नाही हो..."

"पडदे स्वस्तात मिळाले तेव्हा नाही वाटली!"

मी बाहेर पडल्यावर त्यांनी दार लावलं. आपटलं नाही — लावलं. हे जास्त वाईट.

७ मार्च

नमुना प्रकरण नव्या पत्त्यावरून बाईंना पाठवलं. विषय मीच निवडला — कारखान्यातला जुना संप. मालकांच्या चुका, कामगारांच्या चुका, होत्या तशा. नवरा वाचून म्हणाला, "त्यांच्याच पुस्तकात त्यांनाच बोलणी? धन्य आहेस!"

जुनी मेलची पेटी आता उघडायची नाही. तिथे पडद्यांच्या जाहिराती तेवढ्या येणार.

१० मार्च

बाईंची पोच आली, बाकी काही नाही. समोरचं दार बंदच.

१२ मार्च

जाऊबाई आपणहून आल्या. मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. "तुझे मोठे साहेब फार प्रश्न विचारतात गं. मी आपलं उत्तर देऊन टाकलं."

कारखान्याच्या अध्यक्षांनी माझ्या पहिल्या अर्जालाच उत्तर लिहिलं होतं, जुन्या पत्त्यावर! नवा मी फक्त बाईंना कळवला होता. त्यांचा प्रश्न एका ओळीचा — संपाबद्दल लिहिताना तुम्ही कुणाच्या बाजूने असाल?

आणि खाली जाऊबाई:

"मी तिची थोरली जाऊ. ही पेटी दोघींची आहे म्हणून लिहिते. ती कुणाच्याच बाजूने नसते. घरात भांडण झालं की दोन्हीकडचे तिच्याकडे जातात आणि दोन्हीकडचे चिडून परत येतात. मी किती वेळा म्हटलं, एकदा तरी माझी बाजू घे. नाही घेतली. सध्या आमचं बोलणं बंद आहे, तरी खरं ते सांगितलं."

"अहो, मला का नाही विचारलंत?"

"बोलणं बंद होतं ना!"

संपलं सगळं. उद्या बैठक.

१३ मार्च

काम माझं! माझं!!

बाईंचा फोन. अध्यक्षांनी जाऊबाईंचं उत्तर बैठकीत मोठ्याने वाचलं. बाकीच्या दोघा उमेदवारांनी आपल्या नमुन्यात संप एका ओळीत गुंडाळला होता. मग अध्यक्ष म्हणाले म्हणे, "शिफारस कुणीही आणतं. जिच्याबद्दल जाऊ चांगलं बोलते, अशी बाई मी पहिल्यांदा पाहतोय. तेही भांडण चालू असताना!"

मी जिन्यातूनच ओरडत गेले. जाऊबाईंनी आधी गॅस बंद केला, मग मला मिठी मारली.

"आता तरी माझी बाजू घेशील?"

"नाही."

"मेले, गुण घेशील तर शपथ!"

१८ मार्च

संपाच्या काळात घरं कशी चालली, ते बायकाच सांगू शकतील. पण कामगार वसाहतीतल्या म्हाताऱ्या मला दारातूनच परतवतात. "साहेबांची बाई आली" म्हणतात. डेस्कवर बसून लोकांना बोलतं करायला मी शिकलेच नाही.

आज जाऊबाईंना सोबत नेलं. त्यांनी पहिल्याच दारात विचारलं, "पाय दुखतायत हो, जरा टेकू का?" चहा आला. मग फोटो निघाले. मग एकजण रडली, दुसरी तिच्यावर खेकसली, आणि दोघींनी मिळून संप सांगितला, चुलीपासून मोर्चापर्यंत. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते. लिहिणारा हात माझा. प्रकरण जाऊबाईंचं.

२० मार्च

अध्यक्षांचा मेल, जुन्याच पत्त्यावर: मुखपृष्ठावर नाव कसं हवं?

दोन नावं लिहिली. थोरलीचं आधी. त्याच पत्त्यावरून पाठवलं, आणि पाटीसारखा तो नवा पत्ता बंद करून टाकला.

जाऊबाईंना अजून ठाऊक नाही. सकाळच्या चहाबरोबर त्या पेटी उघडतील. मी माझं दार उघडंच ठेवणार आहे — ओरडा नीट ऐकू यावा म्हणून.