पुसलेली रेघ

प्रिय ताई,

रविवारी तू दारातच हसलीस, "एवढ्या उकाड्यात बंद गळा? गिऱ्हाइकाने नाकारलेला ड्रेस घालतेस की काय?" मीही हसले. खरं काय ते आता लिहिते.

माझ्या छातीतली कॅन्सरची गाठ काढलीय आणि तीन आठवडे रोज रेडिएशन चालू आहे. किरणं नेमक्या जागी पडावीत म्हणून टेक्निशियन अंगावर शाईच्या रेघा मारतो, आपण कापडावर खडूने मारतो तशा. पाच मिनिटांत आटपतं, दुखतही नाही. पण कातडी भाजल्यासारखी काळवंडलीय, आणि शिलाई मशीनवर तासभर बसले तरी गळून जाते.

बंद गळ्याच्याही वर एक रेघ डोकावत होती. तू येण्याआधी ती घासून काढली आणि तू गेल्यावर आरशात बघून परत मारली. पंचवीस वर्षं मापं घेतेय, म्हटलं, आपला हात काय चुकणार!

सोमवारी टेक्निशियनने मशीन सुरूच केलं नाही. "बाई, ही रेघ माझी नाही. बोटभर सरकलीय." सगळी मापं नव्याने घेतली. "कुणापासून लपवत होतात?" त्याने विचारलं.

आईचं हेच आजारपण तू एकटीने काढलंस. पुन्हा तेच तुझ्या गळ्यात कसं घालू?

हे पत्र मी टाकणार नाही, मला ठाऊक आहे. पण काल मोठ्या गळ्याचा ड्रेस बेतलाय. या रविवारी तोच घालून दार उघडीन.

तुझी,
जिला हातावर टेप मारून माप शिकवलंस ती धाकटी