आवडाआत्याने सोडवलेला बगळा

मधू,

कचेरीतून आल्यावर घरात कुणी दिसले नाही तर घाबरू नकोस. आवडाआत्याला घेऊन मी आगगाडीने ठाण्याच्या डॉक्टरांकडे जातो आहे. तिच्या तळहातात मासे धरायचा गळ रुतला आहे. त्याचे उलटे टोक मांसात अडकल्यामुळे वैद्यबुवांना तो काढता आला नाही.

सकाळी मी तिला खाडीवर स्नानाला नेले होते. काठच्या तिवरांच्या झुडपांत तू टाकून दिलेली गळाची दोरी अडकली होती आणि तिच्यात एक ढोकरी बगळा पंखापायांनी गुरफटला होता. आत्या तशीच कमरेएवढ्या चिखलात शिरली. पाखरू चोची मारत होते, तरी तिने ते पदरात धरले आणि दोरी दातांनी तोडली. घरात मासे रांधले की जी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, तिने आमिषाच्या वासाची ती दोरी तोंडात धरली, मधू. मी काठावरून नुसत्या हाका मारत राहिलो. बगळा उडून गेला, तेव्हा कुठे तिला आपल्या हातातला गळ दिसला.

"मधूला रागावू नकोस," एवढेच ती म्हणाली. निघताना डाव्या हाताने तिने तुझ्यासाठी पिठलेभात झाकून ठेवला आहे.

जेवून लगेच खाडीवर जा. तुझ्या आणखी दोऱ्या तिथे असतील, त्या काढायला ती उद्या स्वतः जाणार म्हणते आहे. हाताला पट्टी असली तरी ती जाईल. तिच्या आधी तू जा.

गुरुदत्त